तुर्कस्तानातली हुग्गी आणि अणदूरची आवृत्ती

आमच्या तुर्कस्तानच्या प्रवासाची सध्या तीन वर्णने चलनात आहेत. पहिले माझे, म्हणजे खरे. दुसरे माझ्या व्याह्यांचे. ते अणदूरहून निघते, नळदुर्ग, जळकोट करीत वाटेतल्या प्रत्येक साखरपुड्यात आणि बारशात मुक्काम करते, आणि लोहाऱ्यात पोचेपर्यंत अंगाने चांगले भरलेले असते. तिसरे माझ्या मुलीचे. ती व्याह्यांची थोरली सून आहे, त्यामुळे तिने ते वर्षभर स्वतःजवळच ठेवले होते.

व्याह्यांचे वर्णन त्यांच्याच शब्दांत देतो, म्हणजे पुढे माझ्यावर काटछाटीचा आरोप नको. "आमचे व्याही तिकडं गेले. एका म्हातारीनं खिरीची वाटी पुढं केली, ह्यांनी पुसून खाल्ली. तिनं आणखी घातली, ह्यांनी आणखी पुसली. म्हातारीचं पातेलं संपलं, ह्यांचं पोट काय भरंना. दुसऱ्या दिवशी खोलीत आडवे. किल्ला म्याच बघितला, बाजार म्याच केला, अन् मशीनीचं बोलणं बी मलाच करावं लागलं." यातला वाट्यांचा आकडा श्रोत्यांवर अवलंबून असतो. अणदूरच्या ओट्यावर तो आटोपशीर असतो, नळदुर्गच्या पुढे फुगू लागतो, आणि लोहाऱ्यात मंगल कार्यालय मोठे असेल तर एवढ्या वाट्यांत एक वऱ्हाड जेवून जाईल.

सत्तरी ओलांडलेल्या माणसाने अशा गोष्टी हसण्यावारी न्याव्यात, असे मला अनेकांनी सुचवले. सुचवणारे बहुतेक हसणाऱ्यांपैकीच होते.

मी हसण्यावारी नेले नाही, त्याला कारण होते. लोहाऱ्याच्या मठात श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी महाप्रसाद असतो. हुग्गी असते, म्हणजे उखळात सडून कोंडा काढलेला खपली गहू, गूळ, खसखस, सुंठ आणि खोबरे घालून रात्रभर शिजवलेली आमची दाट खीर. त्या हुग्गीचे पहिले ओगराळे घेऊन पंगतीतून फिरण्याचा मान आजोबांपासून आमच्या घरात आहे. हा मान दिसतो तेवढा सोपा नाही. वाढणारा सर्वांच्या शेवटी जेवतो. त्याच्या पानात काय पडते, ते हंड्याच्या तळाशी काय उरते यावर ठरते. म्हणून वाढणाऱ्याची जीभ त्याच्या ताब्यात असावी, असा संकेत आहे. आणि व्याह्यांची कथा नेमकी माझ्या जिभेवर बेतलेली होती. गेल्या वर्षी उन्हाळ्यापासून मठाची पंचमंडळी माझ्याशी जरा जास्तच गोड बोलू लागली. "अप्पा, आता तुमचं वय झालं, किती दिवस वाकून वाढणार," असे प्रमुखांनी एकदा विचारले. माझी कंबर त्यांच्या कंबरेपेक्षा सरळ आहे, हे सगळा गाव पाहतो. थोड्याच दिवसांत कळले की, खताच्या दुकानाच्या मालकांचे नाव पुढे येत आहे. त्या गृहस्थांनी आयुष्यात घरी स्वतःच्या हाताने पाणी घेतलेले नाही; पण त्यांच्याबद्दल कोणी कथा सांगत नव्हते, एवढी पात्रता पुरेशी ठरली.

आता वाचक म्हणेल, मग तुम्ही बोलला का नाही? मी कोणाशी बोलत नाही अशी माझी ख्याती नाही. ग्रामपंचायतीशी, बाजार समितीशी, एसटीच्या कंडक्टरशी, प्रसंगी मठाच्या स्वामींशीही मी मतभेद नोंदवले आहेत. पण या एका बाबतीत मी मुलीचा बाप होतो. आमच्याकडे मुलीच्या बापाने व्याह्याला चारचौघांत खोटे पाडायचे नसते. त्याचे उत्तर मुलीला घरात मिळते, तेही शब्दांत मिळत नाही. चहा जरा गार येतो, हाक जरा उशिरा येते. ते शास्त्र मला ठाऊक होते. म्हणून वर्षभर मी फक्त एवढेच म्हणत राहिलो की, हे असे घडले नाही. कसे घडले, ते सांगितले नाही. आता सांगण्यास हरकत नाही. का नाही, ते शेवटी येईल.

आम्हा दोघांच्याही डाळमिल आहेत. माझी लोहाऱ्यात, त्यांची अणदुरात. दोघांनाही कलर सॉर्टर बदलायचा होता. डाळीतला काळा, डागी दाणा हे यंत्र डोळा मिटायच्या आत ओळखून वाऱ्याच्या फुंकरीने बाजूला उडवते. तुर्कस्तानात मसुरीचा धंदा मोठा. गाझियान्तेप नावाच्या शहरातली एक कंपनी अशी यंत्रे बनवते, हे माझ्या मुलीने शोधून काढले. ती अभियांत्रिकी शिकलेली आहे आणि व्याह्यांची मिल प्रत्यक्षात तीच चालवते. व्याही मिलच्या दारात खुर्ची टाकून बसतात, यालाही चालवणे म्हणत असतील तर माझी हरकत नाही. खरे तर तिने एकटीने जाऊन यंत्र पाहून यायला पुरेसे होते. पण यंत्र घेण्याआधी आपली डाळ त्यातून काढून पाहावी, आणि ती आपण स्वतः पाहावी, यावर आम्हा दोघा व्याह्यांचे एकमत झाले. आमच्यात झालेले हे शेवटचे एकमत.

व्याह्यांच्या सामानात एक मोठी बॅग नुसती कडक भाकरीची होती. ज्वारीची पापडासारखी वाळवलेली ही भाकरी महिनोन् महिने टिकते, हे खरे; पण आम्ही आठवड्यासाठी निघालो होतो. शिवाय शेंगाची चटणी, धपाटे, आणि उन्हाळ्याचे दिवस, विमानात ऊन लागेल म्हणून कांदा. मी विचारले, तिथे काय दुष्काळ आहे काय. ते म्हणाले, "तुमचं काय, तुमी कुठं बी जेवता. आमचं सोवळं हाय." मी गळ्यातल्या लिंगाची पूजा केल्याशिवाय आजवर पाण्याचा घोट घेतलेला नाही, आणि हे गृहस्थ सोलापूरच्या स्टँडवर भजी कशात तळली हे न विचारता खातात. पण मुलीचा बाप गप्प बसला. विमान तेव्हा अजून उडायचे होते.

आता खाण्याबद्दल. तुर्कस्तानात मांसाशिवाय काही मिळत नाही, हे व्याह्यांच्या आवृत्तीतले पहिले वाक्य आहे, आणि ते अशा माणसाचे आहे ज्याने तिथे काहीच मागून पाहिले नाही. प्रत्येक ठिकाणी माझी मुलगी आधी विचारून घेई. कशात शिजवले, चरबी की तेल, रस्सा कशाचा. चांगली माणसे होती, एकदाही चिडली नाहीत. एका खानावळीत तर आचारी स्वतः बाहेर येऊन पातेले दाखवून गेला. मसुरीचे दाट सार मिळाले. त्यावर लाल मिरची घातलेले गरम लोणी ओततात आणि लिंबू पिळून देतात. हॉटेलात पहिल्या सकाळी मी ते चाखले आणि पन्नास वर्षे डाळ विकूनही डाळीबद्दल काही शिकायचे उरले होते, हे मान्य केले. जाडसर दळलेल्या गव्हाचा सांजा मिळाला. ताक मिळाले, ते त्याला दुसरे काही म्हणतात, पण मीठ घालून घुसळलेल्या दह्याला मी ताकच म्हणणार. आणि एका सकाळी एका दुकानात कारागिराने कणकेचा गोळा हवेत फिरवून फिरवून इतका पातळ केला की पलीकडचा माणूस दिसावा. आत साय आणि हिरवा पिस्ता घालून त्याची घडी भाजली. मांडे करणाऱ्या बाया आमच्याकडे आता मोजक्या उरल्या आहेत. त्यांतल्या एकीचा हात मला तिथे, मिशा असलेल्या माणसाच्या मनगटात दिसला.

भाषेचेही तसेच. वडील निजामाच्या काळात उर्दूतून शिकले होते. घरात ते शब्द पडलेले असत. तिथे दुकानाला दुकान म्हणतात, मैदानाला मैदान, साबणाला साबूण, हिशेबाला हेसाब, आणि सगळे ठरले की 'तमाम' म्हणून हात झटकतात. मी दोन दिवसांत बाजारात एकटा फिरू लागलो. व्याही याचे वर्णन "व्याही तिथं हातवारे करत हिंडत हुते" असे करतात. हातवारे मी केले. पण हातवाऱ्यांना उत्तर मिळत होते.

या काळात व्याही कुठे होते, याचे साधे उत्तर असे की ते चौथ्या मजल्यावर होते. हॉटेलच्या न्याहारीतले दही ते वाटीभर खोलीत नेत, दार लावत, आणि त्यात कडक भाकरी भिजवत. त्यांच्या खिडकीतून किल्ला दिसे. त्यामुळे त्यांनी किल्ला पाहिला, हे विधान तांत्रिकदृष्ट्या मला खोडता येत नाही.

कंपनीने आमच्या दिमतीला एक तरुण अभियंता दिला होता. त्याची आणि माझ्या मुलीची इंग्रजीतून चांगली जुळली. दोघेही दाण्यांविषयीच बोलत. आमच्या तुरीची डाळ यंत्रातून निघाली त्या दिवशी काळा दाणा असा वेगळा पडला, जसा चाळणीतून खडा. व्याही म्हणतात यंत्राचे बोलणे त्यांनी केले. त्यांनी "कितीपर्यंत सोडता?" एवढे मराठीत विचारले आणि मुलीने पुढचा दीड तास इंग्रजीतून ते बोलणे केले.

त्याच संध्याकाळी त्या अभियंत्याने विचारले की तुम्ही कुठले. मुलीने सांगितले आणि बहुधा आमच्याकडच्या त्र्याण्णव सालच्या भूकंपाचाही उल्लेख केला, कारण तो एकदम माझ्याकडे वळला. त्यांच्याकडचा भूकंप ताजा होता. त्याचे गावातले घर गेले होते. माणसे वाचली होती. आई अजून तिथल्या वसाहतीत, लोखंडी डब्यासारख्या घरात राहत होती, आणि शहरात येऊन राहा म्हटले तर ऐकत नव्हती. त्याने दुसऱ्या दिवशी आम्हाला तिच्याकडे जेवायला बोलावले. व्याही मुलीला म्हणाले, "सांग, आमाला बरं न्हाय." मुलीने सांगितले की आम्ही येतो.

ती घरे रांगेत उभी होती. सगळी एका रंगाची, दारापुढे प्लास्टिकच्या डब्यांत तुळशीसारखी काहीतरी लावलेली. भूकंपानंतर आमच्याकडे पत्र्याची शेड होती. त्यांच्याकडे पत्र्याचा डबा. रांग तीच, दारावरचा नंबर तसाच रंगवलेला, आणि दुपारी आतली हवा तशीच तापलेली. मी आत पाय ठेवताना वर पाहिले. शेडमध्ये राहिलेला माणूस पत्र्याखाली शिरताना आधी वर पाहतो. ही सवय तीस वर्षांत जात नाही. त्या बाईने ते पाहिले. तिनेही वर पाहिले, आणि हसली. एवढेच आमचे संभाषण.

जेवण झाले, सार, भात, वांगी. व्याह्यांनी भाताची चार शिते हलवली आणि पोट दाखवून तोंड केविलवाणे केले. मग ती शेवटचे भांडे घेऊन आली. त्यांच्या मोहरमात हे शिजवून शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटतात, आमच्याकडे मोहरमात चोंगे, म्हणजे गुळाच्या गोड पोळ्या, आणि मलिदा वाटतात तसे. मी वाटीत पाहिले. सडलेला गहू. हरभरे, जर्दाळू, बेदाणे, वर अक्रोड आणि डाळिंबाचे दाणे होते, ते पाहुणे. पण खाली घरमालक गहूच होता. मी म्हणालो, "अगं, ही हुग्गी आहे." मुलगी म्हणाली, "व्हय अप्पा, मला बी तसंच वाटलं."

यानंतर जे घडले त्याला मी गैरसमज म्हणतो. व्याही अधाशीपणा म्हणतात. हुग्गी हा आमच्याकडे प्रसाद. प्रसादाचा कण पानात राहता कामा नये. पान बोटाने पुसायचे, त्यात पाणी ओतायचे, ते फिरवायचे, पिऊन टाकायचे, आणि रिकाम्या पानापुढे हात जोडायचे. जेवण संपल्याची एवढी स्पष्ट खूण जगात दुसरी नसेल, असे मी तोवर समजत होतो. त्या बाईने काय पाहिले? एका म्हाताऱ्याने वाटी पुसली, वाटी धुतलेले पाणीसुद्धा प्याला, आणि वर हात जोडले. तिला आणखी काय समजणार? तिने वाटी भरली. तिथे पुरे म्हणायचे असेल तर उजवा हात छातीवर ठेवून मान हलवायची असते. हे ज्ञान मला परतीच्या वाटेवर गाडीत मिळाले. भरलेली वाटी ठेवून उठणे मला शक्य नव्हते. मी ती संपवली, धुतली, प्यालो, हात जोडले. ती भरत राहिली.

इथपर्यंतची हकीकत व्याही जवळजवळ खरी सांगत. जे ते सांगत नसत, ते माझ्या डाव्या हाताला घडत होते. व्याह्यांपुढेही वाटी होती. मुलीने दोनदा खुलासा करूनही त्यांना त्या गव्हाचा भरवसा नव्हता. आणि इतक्या प्रेमाने वाढलेले टाकून देण्याची, मान्य केले पाहिजे, त्यांचीही हिंमत नव्हती. बाई चुलीकडे वळली की त्यांची भरलेली वाटी हळूच माझ्यापुढे सरके आणि माझी रिकामी त्यांच्यापुढे जाई. ती वळून पाही तो व्याह्यांची वाटी लख्ख. ती त्यांचीही भरे. मी पुढची संपवीपर्यंत मागची तयार. तिच्या हिशेबी दोघे व्याही सारखेच भुकेले आणि सारखेच गुणी होते. उलट व्याही जरा जास्तच, कारण त्यांची वाटी चाटूनपुसून कधी रिकामी होते ते दिसतही नसे. आम्ही उठताना तिने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्या नाही.

मी पहिल्याच वाटीला त्यांचा हात धरू शकलो असतो. पण त्यांची सून, म्हणजे माझी मुलगी, समोर बसली होती आणि सगळे पाहत होती.

दुसरेही एक कारण होते. ते कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. आमच्या भूकंपानंतरच्या पहिल्या श्रावणात माझ्या पत्नीने शेडमध्ये, तीन दगडांच्या चुलीवर हुग्गी केली होती. पाहणीला आलेल्या एका साहेबाला तिने वाढली. त्याने दोन घास घेतले, रुमालाने तोंड पुसले आणि ताट बाजूला सारले. तो गेल्यावर तिने ते ताट स्वतःपुढे ओढले आणि पुसून संपवले. ती आज नाही. पत्र्याखाली शिजलेल्या गव्हापुढे मी छातीवर हात ठेवून मान हलवणार होतो, असे ज्यांना वाटते त्यांनी खुशाल वाट्या मोजाव्यात.

दुसऱ्या दिवशी मी खोलीत आडवा होतो, ही अणदूरची आवृत्ती. मी किल्ल्यावर होतो. चाल मंद होती, हे नाकारत नाही. मी पाहत चालतो. भूकंपाने किल्ल्याची तटबंदी ढासळलेली, परांच्या बांधलेल्या, माणसे एकेक दगडावर नंबर टाकून तो होता तिथे बसवत होती. त्या अभियंत्याला पडलेला किल्ला दाखवताना ओशाळल्यासारखे झाले. मी मुलीला म्हणालो, त्याला सांग, दुरुस्ती हवी असेल तर आमच्या नळदुर्गच्या किल्ल्यानेही असे एकदा पडून पाहायला हवे. तिने काय सांगितले कोण जाणे. तो बराच हसला.

मग तांबटांचा बाजार. सगळी गल्ली ठोक्यांनी भरलेली. तिथे मी एक तांब्याचे ओगराळे घेतले. लांब दांड्याचे, खोल, आतून कल्हई केलेले, कडेला ठोक्यांची नक्षी. मठाच्या पंगतीसाठी घेतले, हे सांगायला नको. व्याही म्हणतात ते त्यांनी घेतले आणि मला भेट दिले. त्या वेळी ते चौथ्या मजल्यावर उरलेल्या कडक भाकरीचा निकाल लावत होते, कारण ती परत नेताना विमानतळावर लाज वाटली असती.

आता गेल्या श्रावणातला तो सोमवार. पहिले ओगराळे कोणाच्या हातात द्यायचे याचा निर्णय पंचांनी पंगतीपर्यंत लांबवला होता. म्हणजे निर्णय झाला होता, तो मला तोंडावर सांगायचे धैर्य व्हायचे होते. माझे तांब्याचे ओगराळे हंड्याशेजारी ठेवलेले होते. मी ते दिले होते. मला नाही तरी मठाला उपयोगी पडावे. मला प्रमुखांनी "आज तुमी बसा की अप्पा" म्हणून पंगतीत बसवले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या पंगतीत पहिल्या ओळीत बसलो. डाव्या हाताला व्याही. ते दरवर्षी पाहुणे म्हणून येतात.

पानांवर मीठ, चटणी, भाजी, भात पडला. हुग्गी येईना. हंड्यापाशी पंच उभे राहून एकमेकांच्या तोंडाकडे पाहत होते, आणि खताचे मालक अंगरख्याच्या बाह्या वर करून मग पुन्हा खाली करीत होते. तेवढ्या वेळात व्याह्यांनी पलीकडच्या दोघांना तुर्कस्तान सुरू केले. म्हातारी आली, खीर आली, वाट्या सुरू झाल्या. माना वळल्या, ओळ हसू लागली. पंचांपैकी एक जण तिथूनच म्हणाला, "म्हणून तर अप्पांना बसवलंय." हे मी ऐकले. माझ्या मुलीने पण ऐकले. ती बायकांबरोबर भात वाढत होती.

तिने भाताचे पातेले खाली ठेवले. हंड्याजवळ गेली, कोणाला न विचारता तांब्याचे ओगराळे बुडवले, भरले, आणि सरळ आमच्या ओळीत आली. पहिला मान पाहुण्याचा. म्हणून ती व्याह्यांपुढे थांबली. ओगराळे पानावर धरले, पण ओतले नाही.

"मामा," ती सासऱ्यांना म्हणाली, अगदी साध्या, घरातल्या आवाजात, "तुमच्याच पानात वाढू का? का तिकडच्यासारखी तुमच्या वाटणीची बी अप्पांच्याच पानात घालू?"

ओळीला कळायला क्षणभर लागला. मग पलीकडच्या म्हाताऱ्याने, ज्याला ती कथा आतापर्यंत तोंडपाठ झाली होती, सावकाश विचारले, "म्हंजी? निम्म्या वाट्या तुमच्या हुत्या व्हय?" हसू आधी बायकांकडून आले. मग सगळीकडून. मी हसलो नाही. मुलीच्या बापाने हसायचे नसते. मी माझ्या पानातल्या मिठाकडे फार एकाग्रतेने पाहत होतो.

व्याह्यांबद्दल एक न्याय्य शब्द लिहिला पाहिजे. त्यांनी आवाज चढवला नाही, नाकारले नाही. पान पुढे सरकवले. "वाढ," ते म्हणाले. "माझ्याच पानात वाढ." तिने वाढले. त्यांनी संपवले, पान पुसले, पाणी फिरवून प्याले. तिने पुन्हा वाढले. त्यांनी छातीवर हात ठेवून मान हलवली. ती म्हणाली, आपल्याकडं असं चालत न्हाय मामा, आणि आणखी वाढले. त्यांनी तेही संपवले. चहा गार येण्याची माझी वर्षभराची भीती त्या दिवशी संपली. सासऱ्याला चारचौघांत असे वाढणारी सून घरात गार चहा पिणार नाही.

पंचांचे प्रमुख खाकरले. हुग्गी निवत होती. ते म्हणाले, "बाई, हातात घेतलंच हायस तर सगळ्या पंगतीला तूच फिर." खताच्या मालकांनी बाह्या कायमच्या खाली सोडल्या, आणि मला वाटते, सुटकेचा श्वास टाकला. ती सगळ्या ओळींतून फिरली. शेवटी बसली. हंड्याच्या तळाशी तिला खरवड मिळाली. ती तिने पुसून खाल्ली.

म्हणजे मान राहिला. घरातच राहिला, यावर व्याह्यांचे आणि माझे एकमत आहे. वर लिहिलेले 'शेवटचे एकमत' हे शब्द त्यामुळे मागे घ्यावे लागतात. मतभेद फक्त एवढाच की कोणाच्या घरात. अणदुरात आता नवी आवृत्ती निघाली आहे: लोहाऱ्याच्या मठातला पहिला मान अणदूरच्या सुनेकडे, म्हणजे अणदूरच्या घराकडे आला, आणि तो त्यांनी तुर्कस्तानहून आणलेल्या ओगराळ्यावर आला. मी सर्वांना सांगतो की मुलगी ओगराळे धरायला माझ्या स्वयंपाकघरात शिकली, अणदुरात ती मिल चालवायला गेली. वाटीची गोष्ट मात्र ते आता स्वतः सांगत नाहीत; ती त्यांच्याशिवायच गावोगाव फिरते. कोणी आठवण काढली तर म्हणतात, "गहू चांगला हुता पण तिकडचा," जणू त्यांनी चाखला होता.

मुलीला आम्ही दोघांनीही, वेगवेगळ्या वेळी, निकाल विचारला. तिने दोघांना एकच उत्तर दिले: पुढच्या श्रावणाचं पुढच्या श्रावणात बघू, तोवर त्या ओगराळ्याची कल्हई करून आणा, आतून तांबं दिसाय लागलंय. कल्हईवाला आता सहजी मिळत नाही. तामलवाडीला एक म्हातारा अजून करतो, असे कळले आहे. मी उद्या निघणार आहे. व्याही म्हणतात, तेही येणार. ओगराळे त्यांचे आहे म्हणून. वाटेत अणदूर लागते, त्याला माझा इलाज नाही.